सुया, सहा डझन

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
काचांना काळा रंग फासलाय,
म्हणून आम्ही भरदुपारी दिव्याखाली बसतो
आणि कुणाला काय मिळावं ते ठरवतो.
ठरवतो म्हणजे, ठरवतात लंडनला.
वॉशिंग्टनने मान हलवावी लागते.
आम्ही टाचणी लावतो.

माझ्याकडे तटस्थांचं कपाट:
स्वीडन, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, स्पेन,
आणि सगळ्यांत खाली, वाकावं लागतं अशा खणात
पोर्तुगाल.
पोर्तुगालच्या पोटात गोवा.
हेडक्लार्क गझदर म्हणतात, "नाबर, तुज्या गावचा माल!"
माझं गाव आरोंदा. अलीकडचं.
मधे नदी, पलीकडे किरणपाणी, तिथे मावशी दिली.
तरीत बसलं की विडी संपायच्या आत
माणूस युद्धातून बाहेर.

मार्चात अर्ज आला.
कायतान द मेलो, शिंपी, म्हापसे.
शिवणयंत्राच्या सुया, सहा डझन.
माल इथेच, अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या एका गाळ्यात पडून.
पण पोलाद बर्मिंगहॅमचं, तेव्हा लंडनला विचारा.
पोर्तुगालचा वर्षाचा वाटा दोघांनी मिळून आखलेला,
तेव्हा वॉशिंग्टनलाही.
गझदरांनी एकदा फाइल हातावर तोलून पाहिली.
"सुयांपेक्षा टाचण्या जास्त गेल्या, दीकरा."

ऑगस्टात प्रश्न आले.
यंत्रं किती? कपडे कुणाचे शिवतो?
मुरगावच्या बंदरात अडकून पडलेल्या जर्मन बोटींवरच्या
खलाशांशी त्याचा काही व्यवहार?

उत्तर कोकणीत, रोमी लिपीत.
ऑफिसात ते वाचू शकणारा मी एकटा.
यंत्रं दोन. एक बायकोचं, ते आता बंद असतं.
कपडे लग्नाचे, मयताचे, शाळेतल्या पोरांचे.
आणि होय साहेब, त्यांतल्या एकाची विजार शिवली.
फार उंच माणूस. कापड त्याचंच.
शिलाईचे बारा टांगे अजून यायचेत.
तुमच्या ओळखीने मिळाले तर बघा.

जेवणाची सुट्टी मी त्या ओळीवर
पेन्सिल आडवी ठेवून काढली.
मिस डनवुडी कागद चढवून बसली होती, नखं बघत.
भाषांतरात एखादी ओळ गळते.
काना गळतो, अनुस्वार गळतो,
एका विजारीने कुणाचं राज्य बुडणार होतं?

मग म्हटलं तिला, लिही: विजार, एक.
टांग्यांचे आणे करून सांगितले.
का, ते मला अजून नीट उमगलेलं नाही.
त्याने होय इतकं स्वच्छ लिहिलं होतं
की खोडरबर उचलवेना.
किंवा मी भ्यालो. तेही असेल.

नामंजूर.
माल शत्रूच्या उपयोगी पडण्याचा संभव.
खाली दोन सह्या, दोन खंडांतल्या,
एकाच दौतीतून केल्यासारख्या.
बारा आण्यांबद्दल कुणीच काही लिहिलं नाही.

तटस्थ या शब्दाची फोड शाळेत करून घेत:
तटावर उभा राहतो तो.
पाण्यात कोण असतं,
ते मास्तरांनी विचारलं नव्हतं.

दिवाळीची रजा मिळालीये. नऊ दिवस.
मावशीचं कार्ड परवा आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं:
घरात होती ती सुई मोडली,
चोळ्या तशाच पडल्यात,
येताना दोन सुयो हाड.

काल भुलेश्वरात घेतल्या.
कोटाच्या कॉलरीत, आतल्या बाजूने, खोचून ठेवल्यात,
म्हणजे आयत्या वेळी विसरायला नको.
खालच्या खणाशी वाकलो की टोचतात.
गझदर चष्म्यावरून बघतात, "काय रे, मान धरली?"
म्हणतो, हो.
दिव्याखाली बसून बसून.